खोटं शिरस्त्राण, खरं डोकं

तुरीच्या शेंगा भरल्या, हरभरा घाट्यावर आला की आमच्या रिसोडात आणखी एका पिकाचा हंगाम सुरू होतो. शाळांच्या स्नेहसंमेलनांचा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढे दीड-दोन महिने गावात रोज कुठे ना कुठे मांडव उभा असतो, ध्वनिक्षेपकावर ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ चालू असतं आणि घरोघरी कपाटं उपसली जात असतात. कुणाला धोतर हवं असतं, कुणाला नऊवारी, कुणाला झाशीच्या राणीची तलवार. धोतर शेजारच्या आजोबांकडे मिळतं, नऊवारी आजीच्या पेटीतून निघते, तलवार पुठ्ठ्याची होते. सगळं अडतं ते डोक्यापाशी. मुकुट, टोप, शिरस्त्राण या वस्तू कुणाच्याच घरी नसतात.

मी चित्रकलेचा शिक्षक. रिसोड तालुका अकोला जिल्ह्यात होता तेव्हापासूनचा. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा जिल्हा झाला, तेव्हा माझी अर्धी नोकरी संपली होती. निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. पण जानेवारी आला की अजून दारावर थाप पडते. ‘सर, रावणाची दहा डोकी कशी करायची?’ ‘सर, मावळ्याचा टोप पाहिजे, उद्या सकाळी.’ हे ‘उद्या सकाळी’ ऐकल्याशिवाय मला संमेलनाचा हंगाम आल्यासारखं वाटत नाही.

टोप घरी करण्याची खरी लाट गावात आली ती दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’बरोबर. जानेवारी १९८७ मध्ये ती मालिका सुरू झाली आणि पाठोपाठ आलेलं ‘महाभारत’ जून १९९० मध्ये संपलं. त्या साडेतीन वर्षांत आमच्या गल्लीबोळांत जेवढे राजे नांदले तेवढे पूर्वी कधी नांदले नसतील. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड, सोनेरी कागद, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे, आईच्या टिकल्या. इंद्रजित आणि दुर्योधन यांच्या मुकुटांत फरक असा नव्हताच. ज्याच्या घरी नुकतंच लग्न झालेलं, त्याचा मुकुट मोठा, एवढंच.

पुढे भाड्याच्या कपड्यांची सोय झाली. दुकानदारांना मी दोष देत नाही. एका रात्रीत पन्नास मावळे उभे करायचे तर दुसरा मार्ग तरी कोणता? पण भाड्याचं शिरस्त्राण एकाच मापाचं असतं, आणि ते माप बहुधा कुणाच्याच डोक्याचं नसतं. मोठं झालं तर आत टॉवेल कोंबायचा, लहान झालं तर पिनांनी केसांना टाचायचं. पुढच्या रांगेत बसून मी वर्षानुवर्षं एक दृश्य पाहत आलो आहे. रंगमंचावर सेनापती गर्जना करतो आहे, त्याच्या एका हातात तलवार आहे, आणि दुसऱ्या हाताने त्याने डोक्यावरचा टोप धरून ठेवला आहे. सगळं लक्ष त्या टोपाकडे. संवाद विसरला तर मुलाला रागवतात. टोपाला कुणी बोलत नाही.

मागच्या जानेवारीत आमच्याच गल्लीतली सातवीतली एक मुलगी आईचा हात धरून आली. नाटकात तिला मुख्य काम मिळालं होतं, आणि ते काम होतं राक्षसाचं. साधासुधा राक्षस नव्हे, लोणासुर. लोणार आमच्या शेजारचंच. जिल्हा तेवढा बुलढाणा. उल्का आदळून बसाल्ट खडकात पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आणि त्यातलं खारं सरोवर बघायला जग येतं. तिथली जुनी कथा मात्र वेगळी. लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. लोणार गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर याच कथेशी जोडलेलं. मुलांनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातली होती. त्यांच्या नाटकात लोणासुर उल्केवर बसूनच आकाशातून येतो. आमच्या पिढीला हे सुचलं नसतं.

शाळेनं सांगितलं होतं, वेश सोमवारपर्यंत दाखवायचा, नाहीतर काम दुसऱ्या मुलीला. दिवस होता मंगळवार. भाडं आणि अनामत मिळून आईची तीन दिवसांची मजुरी जात होती, तीही तूर सोंगायच्या दिवसांत. बाई दारातूनच म्हणाल्या, “सर, तेवढे पैसे काही जमत नाहीत. तुमीच समजावून सांगा इले. दुसरं कोणतं काम घे म्हणा नाटकात.” मुलगी काही बोलली नाही. तिनं फक्त मला विचारलं, “सर, लोणासुर दिसत कसा होता?”

या प्रश्नातच अर्धं काम झालं. महाराजांचा जिरेटोप करायचा म्हटलं की मला नेहमी धडकी भरते. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जन्मोत्सव, १९ फेब्रुवारीला शिवजयंती. दोन्ही वेळा टोप घातलेली मुलं मिरवणुकीत असतात आणि चंद्रकोर इकडे हवी होती, मोत्यांचा तुरा तिकडे हवा होता, असं सांगणारी जाणती माणसं दुतर्फा उभी असतात. त्यांचंही बरोबरच आहे. जे होऊन गेलं ते जसं होतं तसंच दाखवायला हवं. पण लोणासुराला पाहिलेलं कोण आहे? इथे चूक काढणारा कुणी नाही. एक मोजमाप मात्र शिल्लक राहतं, आणि ते कुणाला चुकवता येत नाही: ज्या डोक्यावर हे बसणार, त्या डोक्याचं. शिरस्त्राण खोटं असलं तरी डोकं खरं असतं. त्याला खरा घाम येतो, त्यातल्या डोळ्यांना समोरची पायरी दिसावी लागते, नाकाला हवा लागते.

म्हणून पहिलं काम, टेप. कपाळावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवायची. मुलीचं माप आलं ५३ सेंटिमीटर. आतून अस्तर लागणार आणि कागद वाळताना आकसणार, म्हणून चारेक सेंटिमीटर वाढवायचे. दुसरी गोष्ट सहसा कुणी ध्यानात घेत नाही. डोकं वरून पाहिलं तर गोल नसतं, ते अंड्यासारखं असतं. कानापासून कानापर्यंतचं अंतर पुढून मागच्या अंतराच्या साधारण पाऊण पट. गोल टोप डोक्यावर भोवऱ्यासारखा फिरतो तो याच कारणानं.

साचा म्हणून मी एक मोठा फुगा फुगवला होता. मुलांना तो आवडतो, आणि कागद सुकला की सुईने फोडून सहज निघतो. त्याचा स्वभाव मात्र हवेचा. रात्रीच्या थंडीत आतली हवा आकसते आणि तो सुरकुततो; दुपारच्या उन्हात ती फुगते. बुधवारी दुपारी अंगणात तो फाटकन फुटला. मुलीची आजी कुंपणापलीकडे शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, “कायचा फुगा घेऊन बसले सर तुमी? गंज पालथा घाला ना.”

गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. आणि गंज पालथा घालायला सांगणारी ती बाई काही गंमत करत नव्हती. तिच्या पिढीतल्या बायका कागदाच्या टोपल्या घरी करायच्या. रद्दी दोन-तीन दिवस भिजत घालायची, उखळात कुटून तिचा लगदा करायचा, भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात कालवायच्या आणि पालथ्या भांड्यावर थापून टोपलं वळायचं. वेळूच्या जुन्या सुपा-टोपल्यांची भोकंही याच लगद्यानं लिंपली जात. आता प्लॅस्टिकची टोपली दहा पावलांवर मिळते, तेव्हा हा उद्योग करतं कोण? तरी माझ्या मनात आलं, आपण ज्याला मोठ्या तोंडानं ‘पेपर माशे’ म्हणून वर्गात शिकवलं, ते या गल्लीतल्या माजघरांत आधीपासून होतं. पालथं टोपलं म्हणजे टोपच की.

मेथीचं काम दुहेरी. भिजल्यावर ती बुळबुळीत, चिकट होते आणि कागदाचे तंतू धरून ठेवते. आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालायचे, पण ते विष आहे. मुलाच्या तोंडाशी येणाऱ्या वस्तूत ते नको. आजीनं माझ्या मैद्याच्या खळीकडे पाहून विचारलं, “मेथ्या टाकल्या काय ह्याच्यात? नाही टाकल्या तं उंदीर खातीन.” मी टाकल्या.

पुढचं काम आम्ही तिघांनी मिळून केलं. ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मधेच सोडून दिलेले पुष्कळ टोप मी पाहिले आहेत आणि बहुतेक वेळी घाई हेच त्याचं कारण असतं.

गंजाच्या बुडावर चिंध्यांचं गाठोडं बांधून आम्ही डोक्याची गोलाई आणली. वरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणली, म्हणजे कागद भांड्याला चिकटत नाही. मैद्याची खळ एका वाटीला पाच वाट्या पाणी अशी, गुठळ्या मोडून, पारदर्शक होईपर्यंत शिजवलेली. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कातरीने कापायच्या नाहीत, हातानं फाडायच्या. कापलेली कड जाड राहते आणि वाळल्यावर रेघ दाखवते. फाटलेली कड झिरझिरीत होऊन खालच्या कागदात विरून जाते. वर्तमानपत्र एका दिशेनं सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेनं वेडंवाकडं, कारण कागदाचे तंतू एका बाजूला झोपलेले असतात. म्हणून एक थर उभा, दुसरा आडवा. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा वह्यांच्या खाकी कव्हरांचा. रंग बदलला की कुठे राहिलं ते लगेच दिसतं. असे सहा थर.

एक पान कागद तुम्ही बोटानं वाकवू शकता. तोच कागद दोन दिशांनी वळलेला असेल, म्हणजे वाटीसारखा, तर त्याच्यावर मूठ दाबली तरी तो हटतो थोडाच. अंड्याचं कवच, मंदिराचा घुमट आणि आमचा टोप यांचं बळ एकच आहे. हे मी मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग माठ का फुटतो?” अशा वेळी शिक्षकानं खळ ढवळत राहावी.

गुरुवारी संध्याकाळी कागद चामड्यासारखा झाला होता. पुरता वाळलेला नाही आणि ओलाही नाही. हीच वेळ साच्यावरून काढण्याची. पूर्ण वाळू दिला तर तो आकसून गंजाला मिठी मारतो. काढला, दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून अंडाकृती केला आणि सुतळी गुंडाळून तसाच सावलीत ठेवला. जानेवारीत आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की थेट उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी वाळून कडा उकलतात.

गालांचे आणि मानेचे पडदे खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचे केले. पन्हळींच्या रेषेत तो पुठ्ठा गुमान वळतो, आडवा वळवला तर मोडतो. एकाच वेळी दोन्हीकडून गोल हवा असेल तर पाचरी कापून जोडायच्या. इथे मुलीची आई कामाला आली. शेतातून आली होती, पाय धुऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, “हे तं ब्लाउजचे टक्स हायेत.” पुठ्ठा माझ्या हातून घेतला, खडूनं खुणा केल्या, आणि मी अर्धा तास ज्याच्याशी झटत होतो ते दहा मिनिटांत झालं.

शुक्रवारी मुलीच्या भावानं आपलं मत मांडलं. त्याला मोबाइलवर पाहिलेलं ‘स्टार वॉर्स’मधल्या सैनिकांचं पांढरं शिरस्त्राण हवं होतं. १९७७ च्या त्या चित्रपटासाठी ती शिरस्त्राणं इंग्लंडमध्ये तयार झाली, प्लॅस्टिकचा पत्रा तापवून, साच्यावर हवेनं खेचून. पुढे त्यांवरून मोठी कोर्टकचेरी झाली. चित्रपटवाल्यांचं म्हणणं, हे शिल्प आहे, त्याची नक्कल करून कुणाला विकता येणार नाही. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ते शिल्प नाही, चित्रपटाच्या कामासाठी केलेली वस्तू आहे. मला स्वतःला हा निकाल फारसा पटलेला नाही, पण न्यायमूर्तींनी कधी खळ शिजवली नसेल. मुलीनं भावाला एका वाक्यात गप्प केलं: “लोणासुर पांढरा कसा असंन? दगडातून निघाला ना तो.”

खरंच होतं. मग आम्ही त्याला बसाल्ट केलं. आजीनं कुटलेल्या लगद्याचा पातळ लेप, भाकरीच्या निम्म्या जाडीचा, सगळीकडे थापला. लगदा जाड झाला की वजन वाढतं आणि भेगा पडतात, म्हणून पातळच. तो घोटून गुळगुळीत करायचा नाही हे ठरलेलं. बोटांचे ठसे, खळगे तसेच ठेवले. डोक्यावर मधोमध एक गोल चकती बसवली. ते बिळाचं झाकण. विष्णूनं उडवलं ते याच्या डोक्यावरच पडलं, असं मुलीचं स्पष्टीकरण. काळ्या पोस्टर रंगात चुलीची चाळलेली राख मिसळली की मंद, दगडी करडा रंग येतो, चकाकी जाते. उंचवट्यांवर शिसपेन्सिलीची भुकटी कापडानं घासली आणि तिथे लोखंडासारखी झाक आली. चंदेरी रंगाच्या डब्यानं जे साधत नाही ते पेन्सिलीच्या टोकानं साधतं. कडेनं खिळ्यांची डोकी हवी होती. त्यासाठी हरभऱ्याची डाळ. एका बाजूनं सपाट, दुसरीकडून फुगीर, सगळी जवळपास सारखी. दहा पैशांचा खिळा करा म्हटलं तरी इतका नेटका व्हायचा नाही.

शिंगांशिवाय राक्षस कसला? शिंगवाली शिरस्त्राणं म्हटली की जगाला युरोपातले वायकिंग आठवतात. पण वायकिंग काळातलं शिंगांचं एकही शिरस्त्राण आजवर सापडलेलं नाही. ती शिंगं रूढ केली रंगभूमीनं. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला वाग्नरच्या संगीतनाटकांसाठी कार्ल डोप्लर नावाच्या वेशभूषाकारानं शिंगांचे टोप काढले आणि ते लोकांच्या डोळ्यांत असे बसले की आता तोच इतिहास वाटतो. आम्हाला इतक्या दूर जायचं कारण नव्हतं. पोळ्याला आमच्याकडे बैलांची शिंगं रंगवतात, त्यांना बेगड लावतात, टोकांना पितळी शेंब्या घालतात. पोळ्याच्या वेळचं उरलेलं बेगड घरात होतंच. शिंगं केली कागदाच्या सुरळीची, आत रद्दी भरून, वाकवून, खळीच्या पट्ट्यांनी गुंडाळून. एक तारतम्य ठेवावं लागतं. शिंगं कपाळावर लावली की टोप पुढे झुकतो, डोळ्यांवर येतो. कानांच्या किंचित मागे लावली की तोल राहतो. बैलालाही ती तिथेच असतात.

मग आला डोळ्यांचा प्रश्न. ऑस्ट्रेलियात १८८० साली नेड केली नावाच्या बंडखोर दरोडेखोरानं आणि त्याच्या साथीदारांनी नांगरांचे लोखंडी पत्रे ठोकून चिलखतं आणि शिरस्त्राणं बनवली होती. शेतकऱ्याच्या घरातल्या सामानाचं शिरस्त्राण, आमच्यासारखंच. फक्त त्याचं सगळं मिळून वजन चव्वेचाळीस किलोंच्या घरात. डोळ्यांसाठी एक अरुंद फट. पोलिसांच्या गोळ्या छातीवरून, डोक्यावरून परतल्या, पण पाय उघडे होते आणि त्यातून खाली फारसं दिसतही नव्हतं. पायावर गोळ्या खाऊन तो पडला, पकडला गेला. शाळेच्या रंगमंचावर गोळ्या नसतात, पण पायऱ्या असतात, माइकच्या वायरी असतात. म्हणून आम्ही डोळ्यांची भोकं ठेवलीच नाहीत. भुवयांपर्यंतच टोप आणला आणि त्याखाली काजळ, राख. डोळे मोकळे.

तोंडही मोकळं ठेवलं. याचं कारण जुनं आहे आणि ते आपल्याच लोककलांनी शिकवलेलं. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात मुखवटा अख्खा चेहरा झाकतो, कारण तिथे सोंग नाचतं. बोलण्याचं काम वाद्यं करतात. सिंधुदुर्गातल्या दशावतारात पात्रं तासन्‌तास बोलतात, तेही पदरचे संवाद. म्हणून तिथे चेहरा रंगवलेला आणि वर मुकुट. मुखवटा गणपतीसारख्याला. आमच्या लोणासुराला सव्वा पान भाषण होतं. कागदाच्या भांड्यात तोंड घालून ते म्हटलं असतं तर पहिल्या रांगेलाही कळलं नसतं.

आतून जुन्या गोधडीचा पट्टा शिवला, वर हवेसाठी झाकणाच्या कडेखाली सहा भोकं पाडली, हनुवटीखाली नाडी. रविवारी सकाळी आजीच्या तराजूत टाकलं: ३८० ग्रॅम. खर्च शंभराच्या आत, त्यात फेविकॉलची लहान बाटली आणि रंगाची डबी. भाऊ काठी घेऊन पुढे आला. त्याला मजबुती तपासायची होती.

मला डॉन किहोटे आठवला. सर्व्हांतेसच्या १६०५ सालच्या त्या स्पॅनिश कादंबरीतला म्हातारा सरदार व्हायला निघतो. पणजोबांचं गंजलेलं चिलखत सापडतं, पण शिरस्त्राणाला पुढचा झडपेचा भाग नसतो. तो पुठ्ठ्याचा करून जोडतो. मजबूत आहे का पाहावं म्हणून तलवारीचा घाव घालतो आणि आठवड्याचं काम पहिल्याच घावात संपतं. पुन्हा करतो, आतून लोखंडी पट्ट्या लावतो; आणि या वेळी मात्र घाव घालून पाहत नाही. उत्तम आहे असं मानतो नि चालू लागतो. लोक त्या म्हाताऱ्याला चारशे वर्षं हसत आले आहेत. मला तो जगातला सर्वांत शहाणा कारागीर वाटतो. मी काठी काढून घेतली.

एक गोष्ट आई-वडिलांना सांगायला हवी. हा टोप घालून मूल मोटारसायकलवर बसलं तर त्याचा उपयोग शून्य. खऱ्या हेल्मेटच्या आत थर्मोकोलच्या जातीचा जाड थर असतो. तो आघातात चेपतो आणि डोकं वाचवतो. कागदाचा टोप काहीच वाचवत नाही. संमेलनाच्या रात्री मी पाहिलं, पुठ्ठ्याच्या शिरस्त्राणातला सेनापती, त्याची बहीण आणि वडील एकाच गाडीवरून घरी निघाले होते. तिघांत एकाच्याच डोक्यावर काही होतं, आणि ते लग्नपत्रिकेचं होतं.

सोमवारी शाळेत वेश दाखवला. बाईंनी टोप हातात घेतला, उलटा करून आतून पाहिला, डाळीच्या खिळ्यावर नख मारून पाहिलं आणि ‘कुठल्या दुकानातला?’ असं विचारलं. मुलीनं सांगितलं, आजीच्या. नाटक त्या शुक्रवारी झालं. भाषणात एक ओळ ती विसरली, थांबली, आणि मान जोरात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवली. शिंगांचं बेगड दिव्यांत चमकलं, टोप जागचा हलला नाही, तिचे दोन्ही हात मोकळे होते. लोकांना तो अभिनय वाटला. तेवढ्यात ओळ आठवली.

टोप आता त्यांच्या घरी माजघरातल्या खुंटीला नाडीनं पालथा टांगलेला असतो. आजी त्यात लसूण ठेवते. मेथी घातलेल्या कागदाला कीड लागत नाही, लसूणही कोरडा राहतो, असं तिचं म्हणणं. शिंगं आडवी येतात म्हणून ती कापायला निघाली होती. ती मात्र मुलीनं कापू दिली नाहीत.